रुळातील थकव्याच्या भेगा ऐकून कशा ओळखाव्यात: ध्वनी-उत्सर्जन पद्धतीचे नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कुंभाराकडून मडके घेताना आपण त्यावर टिचकी मारतो आणि आवाज खणखणीत आला तरच ते घरी नेतो. जुन्या घराचा वासा मात्र कोणी वाजवून पाहत नाही. ओझे वाढले की तो आपणहून करकरतो आणि घरातल्या जाणत्या माणसाचे लक्ष आढ्याकडे जाते. रेल्वेच्या रुळांतील भेगा शोधण्याच्या ध्वनिपद्धतींचेही असेच दोन वर्ग आहेत. रुळात श्राव्यातीत लहर सोडून तिचा प्रतिध्वनी तपासणारी पद्धत, जिला भारतीय रेल्वेत सगळे ‘यूएसएफडी’ म्हणतात, ती टिचकी मारणारी आहे. या लेखाचा विषय असलेली ध्वनी-उत्सर्जन पद्धत वाशाची करकर ऐकणारी आहे. तिच्यात रुळाला बाहेरून काही द्यावे लागत नाही. भेग वाढताना पोलादात जी सूक्ष्म लवचिक लहर सुटते, तीच टिपायची असते.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी, प्रयोगशाळेत काम सुरू करणारे तंत्रज्ञ आणि रूळमार्गाच्या देखभालीतील तरुण अभियंते यांना डोळ्यांसमोर ठेवून हा क्रम लिहिला आहे. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. रुळातून आवाज टिपणे फारसे अवघड नाही; चांगला सेन्सर लावला की आवाजांचा पाऊस पडतो. अवघड आहे ते टिपलेला आवाज भेगेचाच आहे हे सिद्ध करणे, आणि पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी त्याच एका कामासाठी आहे.

भेग आवाज का करते

भरलेल्या मालवाघिणीच्या एका चाकाखाली रुळावर ११ टनांच्या आसपास भार येतो आणि तो लहानशा नाण्याएवढ्या जागेवर पडतो. चाक येते तेव्हा रूळ वाकतो, चाक गेले की सरळ होतो, आणि हे चक्र लाखो वेळा घडते. एका फेरीत काहीच बिघडत नाही, पण धातूत जिथे सूक्ष्म दोष असतो तिथे प्रत्येक फेरीगणिक भेग किंचित पुढे सरकते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. वळणावरच्या बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला बारीक तिरक्या भेगांची रांग दिसते. त्या बऱ्याच अंतरापर्यंत पृष्ठभागाजवळून तिरप्या जातात आणि त्यांतली एखादी अचानक खाली वळून रूळ आडवा कापू लागते. याखेरीज ॲल्युमिनो-थर्मिट वेल्डचा (वितळलेले पोलाद ओतून जागेवरच केलेल्या सांध्याचा) पाया, फिशप्लेटच्या (दोन रुळांची टोके जोडणाऱ्या पट्टीच्या) बोल्टांची भोके आणि पोलादाच्या पोटातील अशुद्ध कण हीदेखील भेग सुरू होण्याची नेहमीची ठिकाणे आहेत.

भेग सरकते त्या क्षणी तिच्या टोकाशी साठलेल्या ऊर्जेचा काही भाग लहरीच्या रूपाने सुटतो. तिची वारंवारता साधारण १०० किलोहर्ट्झपासून १ मेगाहर्ट्झपर्यंत असते, म्हणजे माणसाच्या कानाच्या कितीतरी पलीकडे. पण भेगेचा आवाज एवढाच नसतो. भार उतरताना भेगेचे दोन्ही काठ एकमेकांवर मिटतात आणि घासतात, आणि त्यातूनही लहरी सुटतात. प्रत्यक्षात पुष्कळदा या घासण्याच्या नोंदीच संख्येने अधिक असतात. त्या भेगेच्याच जागेवरून येतात, म्हणून भेगेचे ठिकाण शोधायला उपयोगी आहेत. मात्र त्या मोजून भेग किती वाढली हे सांगता येत नाही. नवशिक्यांची सर्वांत मोठी गफलत इथेच होते.

पहिली पायरी: कोणत्या जागेवर पहारा ठेवायचा ते ठरवा

संपूर्ण मार्गावर ही पद्धत लावण्याचा विचार मनातून काढून टाकावा. उच्च वारंवारतेच्या लहरी रुळातून जाताना वेगाने क्षीण होतात, त्यामुळे एका जोडीतील सेन्सर काही मीटर अंतरावरच ठेवावे लागतात. लांब पल्ल्यासाठी वेगळी साधने आहेत. दक्षिण आफ्रिकेत सिशेन ते साल्डान्या या सुमारे ८६० किलोमीटरच्या लोहखनिज मार्गावर रुळातून ठरावीक वेळाने श्राव्यातीत लहर पाठवून ती पलीकडच्या ग्राहकाकडे पोहोचते का हे पाहणारी यंत्रणा वापरली जाते. लहर पोहोचली नाही तर रूळ तुटला असे समजतात. रुळालगतच्या प्रकाशतंतू केबलचा वापर करून कंपने ऐकणारी पद्धतही दहा-दहा किलोमीटरचे पट्टे सांभाळू शकते. ही दोन्ही साधने प्रामुख्याने तुटलेला रूळ ओळखतात. वाढत असलेल्या भेगेवर रूळ तुटण्याआधीपासून डोळा ठेवायचा असेल, तर ध्वनी-उत्सर्जन आणि तेही निवडक जागी, असा विचार करावा: ‘यूएसएफडी’त निरीक्षणाखाली ठेवलेला वेल्ड, तीव्र वळण, पुलाजवळचा भाग किंवा काट्याचा क्रॉसिंग.

दुसरी पायरी: साहित्य जमवा आणि समजून घ्या

सेन्सरच्या आत पीझो सिरॅमिकची चकती असते, जी लहर पोहोचताच अत्यल्प विद्युतदाब निर्माण करते. रुळाच्या कामासाठी १५० किलोहर्ट्झच्या आसपास अनुनाद असलेला सेन्सर सुरुवातीला योग्य ठरतो. अधिक वारंवारतेचा घेतला तर चाकाचा गोंगाट कमी होतो, पण ऐकण्याचा पल्लाही आखडतो. सेन्सरपाठोपाठ प्रीॲम्प्लिफायर लागतो. ४० डेसिबलचा असेल तर तो संकेत १०० पट मोठा करतो. या क्षेत्रात डेसिबल मोजताना सेन्सरमधून निघणारा १ मायक्रोव्होल्ट हा शून्य धरतात, म्हणून ४० डेसिबल म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट आणि ६० डेसिबल म्हणजे १ मिलिव्होल्ट. हे दोन आकडे पाठ करून ठेवावेत, पुढे सतत लागतात.

नोंद घेणाऱ्या यंत्राला शक्यतो चार वाहिन्या असाव्यात आणि प्रत्येकीचा नमुनादर सेकंदाला २० लाख किंवा त्याहून अधिक असावा. सगळेच साठवून ठेवू असे वाटत असेल तर हिशेब करून पाहावा: चार वाहिन्या, सेकंदाला २० लाख नमुने आणि प्रत्येक नमुन्याला २ बाइट, म्हणजे सेकंदाला १६ मेगाबाइट आणि तासाला ५७ गिगाबाइटहून अधिक. म्हणूनच उंबरठा-पातळी ओलांडणारा संकेतच नोंदवतात; अशा एका नोंदीला ‘हिट’ म्हणतात. सोबत रुळावर चिकटवलेला एक स्ट्रेन गेज (रूळ किती ताणतो-वाकतो ते मोजणारे साधन) आणि तापमान मोजण्याचे साधन असलेच पाहिजे. पैसे वाचवायचे असतील तर ध्वनीची एक वाहिनी कमी करावी, पण ही दोन वगळू नयेत.

तिसरी पायरी: आधी प्रयोगशाळेत एक भेग वाढवून ऐका

थेट मार्गावर जाण्याची घाई करू नये. मोडीत काढलेल्या रुळाच्या माथ्यातून किंवा वेबमधून, म्हणजे माथा आणि पाया यांना जोडणाऱ्या उभ्या भागातून, एक पट्टी कापून घ्यावी, तिच्यात बारीक खाच पाडावी आणि फटीग यंत्रावर तीन बिंदूंत वाकवत आवर्ती भार द्यावा. वेग सेकंदाला काही आवर्तनांपुरताच ठेवावा, म्हणजे प्रत्येक हिट आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आला हे नीट दिसते. भार शिखराजवळ असताना आलेले हिट भेगेच्या वाढीशी निगडित असण्याची शक्यता अधिक असते, तर किमान भाराजवळ आलेले हिट काठ मिटण्याचे असतात. या दोन गटांचे तरंगाकार शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुढे मार्गावर कानांची जी पारख लागते, ती इथेच तयार होते.

यंत्राचे रोलर आणि पकडीही आवाज करतात. त्यांच्या खाली टेफ्लॉनचा पातळ तुकडा घालावा आणि पोलादाच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक राखण सेन्सर लावावा. ज्या हिटची लहर आधी राखण सेन्सरवर पोहोचते, ती बाहेरून आलेली समजून बाजूला काढावी. भेगेची लांबी सूक्ष्मदर्शकाने वेळोवेळी मोजत जावी.

याच टप्प्यावर कैसर परिणामही समजून घ्यावा. म्युनिकमध्ये जोसेफ कैसर यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात दाखवले की धातूला एकदा दिलेल्या भाराइतका भार पुन्हा दिला, तर तो ओलांडेपर्यंत धातू जवळजवळ गप्प राहतो. निरोगी पोलाद रोजच्या गाड्यांखाली शांत असते ते याच कारणाने. पूर्वी सोसलेल्या भाराखालीच एखादी जागा पुन्हा पुन्हा बोलू लागली, तर तिथे काहीतरी बदलते आहे असे समजावे.

चौथी पायरी: मार्गावर सेन्सर बसवणे

रेल्वेच्या लेखी परवानगीशिवाय, ब्लॉक (कामासाठी गाड्या थांबवून दिलेला वेळ) मिळाल्याशिवाय आणि दोन्ही दिशांना लक्ष ठेवणारा माणूस उभा असल्याशिवाय रुळाजवळ पाऊल टाकू नये. विद्युतीकृत मार्गावर डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार असते आणि परतीचा प्रवाह रुळातून वाहतो. शिवाय अनेक ठिकाणी रूळ हाच सिग्नल यंत्रणेच्या ट्रॅक सर्किटचा भाग असतो. आपल्या केबलने किंवा धातूच्या पट्टीने दोन्ही रूळ चुकून जोडले गेले, तर गाडी नसतानाही मार्ग व्यापलेला दिसतो आणि सिग्नल लाल होतो. म्हणून सेन्सरचा तळ विद्युतरोधक सिरॅमिकचाच हवा आणि केबलचे आवरण रुळाला टेकता कामा नये.

जागा वेबवर निवडावी. माथ्यावर चाक चालते आणि आतल्या बाजूने चाकाची कड जाते, त्यामुळे तिथे काहीच टिकत नाही. वेबवर कारखान्याची उठावदार अक्षरे असतात, ती टाळून सपाट भाग शोधावा. गंज आणि रंग पॉलिश पेपरने काढून पोलाद चकचकीत करावे, ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि सेन्सर चुंबकी धारकाने घट्ट दाबावा. सेन्सर आणि पोलाद यांच्यामध्ये हवेचा पदर राहिला तर संकेताचा मोठा हिस्सा तिथेच हरवतो. काही महिने ठेवायचे असेल तर ग्रीसऐवजी चिकटद्रव्य वापरावे. कोकणासारख्या पावसाच्या प्रदेशात वरून झाकण घालणे आवश्यक आहे, कारण रुळावर पडणारा प्रत्येक थेंब हादेखील ध्वनीचा स्रोतच असतो.

पाचवी पायरी: पेन्सिलीच्या शिशाने तपासणी

सेन्सर बसवला की त्याच्याजवळ ०.५ किंवा ०.३ मिलिमीटर जाडीचे, २एच कठीणपणाचे शिसे, सुमारे ३ मिलिमीटर बाहेर काढून, तिरके टेकवून मोडावे. शिसे मोडताना रुळावरचा दाब एकदम सुटतो आणि जवळपास एकसारखी लहर निर्माण होते. इतका स्वस्त आणि इतका भरवशाचा मापदंड या क्षेत्रात दुसरा नाही. प्रत्येक सेन्सरजवळ पाच वेळा मोडून आयाम, म्हणजे संकेताची कमाल उंची, लिहून घ्यावा. एखादा सेन्सर इतरांपेक्षा ३ डेसिबलांहून अधिक मागे पडला, तर तो काढून पुन्हा बसवावा.

मग दर अर्ध्या मीटरवर शिसे मोडत आयाम किती घटतो याची वही तयार करावी. हा घटीचा आलेखच दोन सेन्सरांमध्ये किती अंतर ठेवायचे ते सांगतो. कोणाच्या पुस्तकातला आकडा आंधळेपणाने उचलू नये. लहरीचा वेगही इथेच मोजावा. पोलादात दाबलहर सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर आणि अपरूप लहर (धातूचे कण आडवे हलवणारी) सुमारे ३,२०० मीटर जाते, पण रुळाचा आकार गुंतागुंतीचा असल्याने अनेक प्रकारच्या लहरी एकत्र धावतात. उंबरठा प्रत्यक्षात ओलांडते ती लहर कोणती, हे मोजूनच ठरते.

जागा काढण्याचे गणित सोपे आहे. दोन सेन्सरांमधील अंतरातून, लहरीचा वेग आणि दोन्हीकडे पोहोचण्याच्या वेळेतील फरक यांचा गुणाकार वजा करावा आणि उरलेल्याला २ ने भागावे. जे उत्तर येते ते आधी ऐकणाऱ्या सेन्सरपासूनचे अंतर असते. अंतर ४ मीटर, मोजलेला वेग ३,००० मीटर आणि फरक ४०० मायक्रोसेकंद असेल तर गुणाकार १.२ मीटर होतो आणि स्रोत १.४ मीटरवर येतो. वेळ वाचण्यात १० मायक्रोसेकंदांची चूक झाली तर जागा दीड सेंटिमीटरने सरकते. मात्र एका सेन्सरवर दाबलहर आणि दुसऱ्यावर अपरूप लहर पकडली गेली, तर चूक फार मोठी होते.

सहावी पायरी: नोंदणीची मांडणी

गाडी नसताना पार्श्वभूमीचा आवाज पाहून उंबरठा त्याच्या काही डेसिबल वर ठेवावा. प्रयोगशाळेत ४० डेसिबल चालतात, मार्गावर मात्र बहुधा अधिक लागतात. धातूंसाठी शिखर ठरवण्याचा काळ ३०० मायक्रोसेकंद, हिट संपल्याचे ठरवण्याचा ६०० आणि त्यानंतरचा विरामकाळ १,००० मायक्रोसेकंद, अशी सुरुवात करून नंतर गरजेप्रमाणे बदल करावा. १०० किलोहर्ट्झखालचे सगळे फिल्टरने गाळावे.

सातवी पायरी: गोंगाटातून भेग वेगळी काढणे

या कामाचा गाभा इथे आहे. चाक रुळावर घासते, वळणावर चाकाची कड करकचते, ब्रेक लागतात, चाकाला सपाट चट्टा असेल तर दर फेरीला हातोडा पडल्यासारखा घाव बसतो. यातले बरेचसे फिल्टरमध्ये गळते, पण सगळे नाही. केवळ वारंवारतेच्या भरवशावर राहणारा माणूस हमखास फसतो.

माझ्या मते सर्वांत भक्कम आधार साध्या निरीक्षणाचा आहे: चाक पुढे जाते, भेग जागेवर राहते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला १६.७ मीटर सरकते, म्हणजे ४ मीटरचा आपला पट्टा एक चाक जेमतेम पाव सेकंदात ओलांडते. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर स्रोताची जागा असा आलेख काढला, तर प्रत्येक चाकाची एक तिरकी रेघ उमटते. भेगेचे हिट मात्र एकाच उंचीवर, आडव्या रेघेत येतात. गाडीमागून गाडी तीच आडवी रेघ त्याच उंचीवर दिसत असेल, तर तिकडे गांभीर्याने पाहावे.

तरीही आडवी रेघ म्हणजे भेग असे लगेच मानू नये. सिमेंटचे स्लीपर मुख्य मार्गावर साधारण ६० सेंटिमीटर अंतराने असतात आणि रूळ त्यांना पेंड्रोल क्लिपने धरलेला असतो. ढिली क्लिप किंवा झिजलेला लायनरसुद्धा (क्लिप आणि रूळ यांच्यामधला तुकडा) एकाच जागेवरून आवाज करतो. रेघ नेमकी स्लीपरवर येत असेल, तर क्लिप आणि लायनर बदलून दोन दिवस पुन्हा ऐकावे. रेघ गेली तर प्रश्न मिटला. सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी रूळ थंड होताना गाडी नसतानाही क्लिपांमधून सरकण्याचे आवाज येतात, ते तापमानाच्या नोंदीशी ताडून बाजूला काढावेत. पुढची कसोटी स्ट्रेन गेजची. भेगेचा आवाज रूळ वाकण्याच्या ठरावीक टप्प्यावर येतो, आणि चाकाच्या प्रत्येक फेरीत तोच टप्पा पाळतो. शेवटी तरंगाकार पाहावा: भेगेच्या वाढीची लहर झटक्यात चढते, घर्षणाची हळूहळू चढून रेंगाळते. मात्र अंतर वाढले की चढकाळही बदलतो, म्हणून ही तुलना एकाच सेन्सरच्या, एकाच जागेच्या नोंदींमध्येच करावी.

संगणकाला हे वर्गीकरण शिकवण्याकडे आज सगळ्यांचा कल आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण त्याला दिलेली उदाहरणे खात्रीने भेगेची आणि खात्रीने गोंगाटाची असली पाहिजेत. वरच्या कसोट्या हाताने लावल्याशिवाय तशी उदाहरणे मिळत नाहीत.

आठवी पायरी: कल वाचणे

एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही. निवडलेल्या जागेवरून आलेल्या हिटांची साठत जाणारी संख्या आणि ऊर्जा यांचा आलेख दिवसांऐवजी ओलांडून गेलेल्या चाकांच्या संख्येवर काढावा, कारण रविवारची आणि सोमवारची वाहतूक सारखी नसते. रेघ एका उताराने चढत असेल तर पहारा चालू ठेवावा. उतार सतत वाढू लागला तर तो इशारा आहे.

तापमानाची नोंद इथे कामाला येते. जोडून अखंड केलेला लांब रूळ थंडीत आकसू पाहतो, पण त्याला आकसता येत नाही, म्हणून त्यात ताण साठतो. ६० किलो प्रकारच्या (मीटरला सुमारे ६० किलो वजनाच्या) रुळात तापमान तटस्थ बिंदूच्या, म्हणजे रुळात ओढही नसते आणि दाबही नसतो त्या तापमानाच्या, खाली एक अंश उतरले की सुमारे १.९ टन ओढ वाढते. तटस्थ तापमान ४० अंश आणि पहाटे रुळाचे तापमान १० अंश असेल तर ही ओढ ५७ टनांच्या घरात जाते. थंडीच्या पहाटे रुळाला तडे जाण्याच्या घटना वाढतात त्या यामुळेच. म्हणून डिसेंबर-जानेवारीतली वाढ उन्हाळ्यातल्या नोंदींशी थेट ताडून पाहू नये. सारख्या तापमानाच्या नोंदी एकत्र करून पाहाव्यात.

नववी पायरी: खातरजमा आणि निर्णय

ध्वनी-उत्सर्जन भेगेचा आकार सांगत नाही. ते कुठे पाहायचे आणि केव्हा पाहायचे एवढेच सांगते. इशारा मिळताच त्या जागेची श्राव्यातीत यंत्राने हाती तपासणी करून घ्यावी. वेगमर्यादा लावायची, क्लॅम्पसह जॉगल्ड फिशप्लेट (वेल्डचा फुगवटा मावेल असा मधे बाक असलेली) बसवायची की रूळ तातडीने बदलायचा, हा निर्णय रेल्वेच्या नियमपुस्तिकेप्रमाणे मार्गाचा जबाबदार अभियंताच घेईल. पृष्ठभागावर दाट भेगा असतील तर त्यांच्या सावलीत खालची खोल भेग श्राव्यातीत लहरीलाही दिसत नाही. अशा जागी तपासणीत काही आढळले नाही म्हणून पहारा उठवू नये.

इशारा कोणाच्या हाती, किती तासांत आणि लेखी कसा पोहोचायचा, हे सेन्सर बसवण्याआधीच ठरलेले असले पाहिजे. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमधील हॅटफील्ड येथे थकव्याच्या भेगांनी पोखरलेला रूळ धावत्या गाडीखाली तीनशेहून अधिक तुकड्यांत फुटला आणि चार प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या रुळाची अवस्था आधीच लक्षात आली होती आणि बदलायचा नवा रूळ आणून जवळच ठेवलेला होता. तो वेळेत बसवला गेला नाही.

दहावी पायरी: काढलेला रूळ उघडून पाहा

रूळ बदलला की पुष्कळ जण फाइल बंद करतात. तसे करू नये. परवानगी घेऊन भेगेच्या दोन्ही बाजूंचा तुकडा कापून आणावा आणि दाबयंत्राखाली तो भेगेतूनच मुद्दाम तोडावा. थकव्याने वाढलेला भाग गुळगुळीत असतो आणि त्यावर पुष्कळदा, ओहोटीने वाळूवर सोडलेल्या रेषांसारखी, एकाबाहेर एक वलये दिसतात. अखेरचा आता तुटलेला भाग खडबडीत आणि चमकदार असतो. त्या वलयांची छायाचित्रे घ्यावीत, भेगेची जागा फूटपट्टीने मोजावी आणि आपल्या आलेखातील आडव्या रेघेशी ती किती सेंटिमीटरने जुळते ते वहीत लिहावे. जुळली नाही, तर वेग पुन्हा मोजण्यापासून सुरुवात करावी.